रणगाड्यातून गिरणीपर्यंत

गणिताच्या तासाला मागचे दोन बाक रिकामे दिसले की मी खडू खाली ठेवायचे, गल्ली ओलांडायचे आणि बब्रुवानमामांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानाचा पडदा बाजूला सारायचे. आमची पोरं तिथं असायचीच. पहिल्या खेपेला मी तोंडात मावतील तेवढे शब्द गोळा करून गेले होते. मामांनी माझ्याकडं बघितलंही नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून ते पोरांवरच ओरडले, "मॅडमचा तास सुरू होऊन सात मिनिटं झालीत. कामून बसलाव? उठा!" आणि टीव्हीचं बटण बंद केलं. पोरं मुकाट्यानं माझ्या पुढं चालायला लागली. आमच्या क्लासचं वेळापत्रक माझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार अपमान वाटला.

भूकंपाला तेव्हा चार वर्षं झाली असतील. जिल्ह्यात पडलेली गावं नव्यानं उभी राहत होती आणि लातुरात मोकळ्या दिसेल त्या प्लॉटवर क्लास उभे राहत होते. कुठल्या बांधकामाची घाई जास्त होती ते सांगणं अवघड आहे. मी नांदेडची. वय एकोणतीस, लग्न नाही, हातात एम.एस्सी. अशा बाईला गणित शिकवायला बोलावणारं गाव जगात लातूरच असावं. क्लासच्या वरच मला एक खोली मिळाली होती आणि तिच्या खिडकीतून मामांच्या दुकानाचा पत्रा दिसायचा.

मामा मूळचे रेडिओ-टीव्हीचे मेकॅनिक. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं तांब्याची तार. टीव्ही बिघडला की कानशिलात दिल्यासारखी ते त्याला एक चापट मारायचे आणि आवाज ऐकून आत काय गेलंय ते सांगायचे. गेमची कॅसेट चालली नाही की पोरं ती काढून तिच्यात फुंकर मारत. गावोगाव हाच उपाय. मामांच्या दुकानात मात्र फुंकर मारणाऱ्याला बाहेर काढत. "फुकून बाळंतीन बरी होती का रे?" असं म्हणत ते स्पिरिटचा बोळा घेऊन कॅसेटीचे दात पुसत बसायचे. पोरांना वाटे हा माणूस खडूस आहे. मला वाटे, माझ्या वर्गात एवढ्या निगुतीनं कुणी प्रमेय मांडलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. नवं ते चांगलं. गेम असो, पंखा असो, ज्वारीचं बियाणं असो, दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरसच असणार. "जुनं ते सोनं म्हननाऱ्याला सोनारानं नक्की फसिवलेलं असतंय," असं ते म्हणायचे. दुकानात कुणी जुन्या सिनेमाची, जुन्या तुपाची किंवा जुन्या मास्तरांची आठवण काढली की मामा त्याच्या हातातला गेमचा रिमोट काढून घेत. आठवणी संपल्या की परत देत.

दुकानात सगळ्यांत लाडकी गेम होती रणगाड्यांची. पडद्यावर विटांच्या भिंती, मधून पाणी, झाडी आणि खाली मध्यभागी आपलं ठाणं. वरून शत्रूचे रणगाडे येणार, भिंती फोडत ठाण्यापर्यंत पोचायला बघणार, आपण आपल्या रणगाड्यानं त्यांना उडवायचं. एवढंच. मीही खेळायला लागले होते. पोरांना हुडकायला जाते असं म्हणायचे आणि पोरं नसलेली वेळ बघून जायचे.

एकदा हैदराबादचा एक व्यापारी मामांना ह्याच गेमची नवी आवृत्ती देऊन गेला. नवं मशीन, नवी कॅसेट. झाडं वाऱ्यानं हलत होती, रणगाड्याच्या मागं धूळ उडत होती, वर संगीत. मामांनी जुनं मशीन कोपऱ्यात टाकलं आणि नव्याला हार घातला. दोन दिवस मुंगीला शिरायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी सगळी पोरं कोपऱ्यात, जुन्या मशीनसमोर. नव्यापुढं कुणी नाही. आपल्या नव्या सुनेला पाहुण्यांनी नावं ठेवावीत तसं मामांना लागलं. त्यांनी दुकानाचा पडदा ओढला, पोरांना खाली बसवलं, मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "आज फैसला होऊ द्या. ह्या नव्यात काय कमी हाय ते एकेकानं सांगावं."

रेणापूरचा एक पोरगा भीत भीत उठला. "मामा, जुन्यात नदीच्या कडंला एक कोपरा हाय. तिथं टँक घुसविला की कुनाचीच गोळी लागत न्हाई. नव्यात त्यो कोपराच काढून टाकलाय."

"म्हंजे चूक होती ती दुरुस्त केली, ह्याचा तुला राग आलाय?"

"आमाला त्या चुकीचं सगळं पाठ होतं की वो मामा."

मग मी बोलले. पहिली गेम करणाऱ्याकडं मशीनमध्ये जागाच थोडी होती, म्हणून त्यानं चार प्रकारच्या चौकोनांतून अख्खं युद्ध उभं केलं. नवी करणाऱ्यानं हातात जागा आली म्हणून धूळ भरली. प्रमेय दोन ओळींत सुटत असताना गाइडवाले दोन पानं लिहितात तसं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तासाला त्यांनी कधी वाजवल्या नव्हत्या.

मामांनी चष्मा काढला, तार पिळली, परत घातला. "मॅडम, तुम्ही गेमबद्दल बोलायलाव असं तुम्हाला वाटायलंय. तुम्ही बोलायलाव त्या टायमाबद्दल, जवा तुमचे गुडघे दुखत नव्हते."

माझे गुडघे तेव्हाही दुखत नव्हते. फैसला झाला नाही. दोन्ही मशीनं राहिली. मामा मात्र कोपऱ्याकडं पाठ करून बसायला लागले.

त्यांचं हे नव्याचं वेड आम्ही सगळे चेष्टेवारी न्यायचो. त्यांच्या घराची हकीकत मला क्लासच्या शिपायानं सांगितली तेव्हा माझी चेष्टा बंद झाली. मामांचं गाव औशाच्या पलीकडचं, भूकंपात गेलेलं. घर दगडमातीचं, वर लाकडांवर माती थापलेलं माळवद. माळवद गळू नये म्हणून आजोबांनी दर पावसाळ्याआधी वर माती टाकली, आजोबांनी टाकली म्हणून वडिलांनी टाकली, वडिलांनी टाकली म्हणून मामांनी. त्या पहाटे ती सगळी माती खाली आली. मामा एक टीव्ही दुरुस्त करायला लातुरात राहिले होते. त्यांची बायको रत्नमाला आत होती. आई अंगणात गाईजवळ निजली होती म्हणून वाचली. जुनं ते सोनं म्हटल्यावर हा माणूस हातातला रिमोट का काढून घेतो, ते मला कळलं. फार उशिरा कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

नव्या गावठाणात त्यांना घर मिळालं होतं. पक्कं, स्लॅबचं. मामा त्या घराची तारीफ येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे: कॉलम किती जाड, सळई किती, सिमेंट कसलं. पण त्या घरात त्यांनी एकदाही पाठ टेकली नव्हती. ते दुकानातच राहायचे, पत्र्याखाली. "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय, मानूस जात न्हाई," म्हणायचे. महिन्याला गावी जायचे, आईला सामान द्यायचे, दारात उभं राहून बोलायचे आणि उभ्या उभ्या परत यायचे.

त्यांच्या आईला अख्खी गल्ली माय म्हणायची. नव्या घरात ती एकटी राहायची आणि तिचा प्रश्न वेगळाच होता. तिला घर सापडायचं नाही. जुन्या गावात वाट पायांना माहीत होती. इथं सरळ रेघा, सारख्या गल्ल्या, सारखी घरं, सारखी दारं. दळण घेऊन निघायची आणि भलत्याच घरात शिरायची. ही अडचण तिच्या एकटीची नव्हती. त्यामुळं त्या गावात एक रीतच पडली होती: चुकून कुणी घरात शिरलं तर आधी चहा द्यायचा, मग सांगायचं, "मावशी, तुमचं घर पलीकडल्या गल्लीत." माय दिवसाला चार-चार चहा पिऊन दळण न आणता परत यायची. कधी कधी मात्र ती सरळ जुन्या गावाच्या रस्त्याला लागायची आणि दगडांच्या ढिगावर जाऊन बसायची. तसं दोनदा झाल्यावर मुरूडला दिलेल्या लेकीनं, शांतानं, निरोप धाडला: दिवाळीपर्यंत बघा, न्हाईतर मी मायला मुरूडला आणते आणि घराला कुलूप घालते.

मोतीबिंदू काढल्यानंतरच्या तपासणीला माय लातूरला आली तेव्हा तिला माझ्या खोलीवर ठेवलं. आता सगळं बिनधास्त बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मायनं ते मनावर घेतलं. पहिल्या दिवशी ती दुकानात येऊन बसली आणि पोरांचं खेळणं बघायला लागली. जुन्या रणगाड्यांच्या गेममध्ये एक सोय होती, आपल्याला हव्या तशा विटा रचून आपलं मैदान बनवायची. एक पोरगं तेच करत होतं.

"हे लेकरू काय करायलंय रं?" मायनं विचारलं.

"गाव बांधायलंय," मामा म्हणाले.

"मग आपलं बांध की. मला वाट तरी कळंल."

मग मायनंच सौदा ठरवला, सगळ्यांसमोर. "हे बघ बब्रू. मी एकटी गिरनीला जाऊन घरी आले, की शांता कुलूप लावनार न्हाई. पन मग तू घरात येऊन निजायचं. बाहीर न्हाई, दारात न्हाई. घरात."

"आधी जाऊन तर दाव," मामा म्हणाले, पण ते कसनुसे झाले होते.

साहजिकच मामांनी आधी नवं मशीन लावलं. मायला चांगलं दिसावं, रंग स्पष्ट आहेत. अर्धा तास खटपट केली. नव्या गेममध्ये सगळं होतं, विटा रचायची सोयच नव्हती. मैदानं कंपनीनं दिलेली, तीच खेळायची. मामांनी नव्या मशीनची पिन काढली. "लई चांगली हाय वो मॅडम," ते म्हणाले, "पन आपल्याला हात घालाय जागाच ठिवली न्हाई." आणि त्यांनी कोपऱ्यातलं जुनं मशीन आणून पुढं ठेवलं. पोरांनी आरोळी ठोकली. "दात काढू नका. ही हार न्हाई, बदली हाय."

गावाचा नकाशा मी आलेख-वहीत उतरवला. मामांनी तलाठ्याकडून गावठाणाचा कागद आणला होता. त्यात मायचं घर वरच्या टोकाला आणि गेममध्ये आपलं ठाणं कायम खाली. ते हलत नाही. म्हणून वरचं खाली करावं लागलं. मी ते केलं, चौकोन मोजून, पेन्सिलीनं टोक काढून. ठाणं म्हणजे मायचं घर, वर उजव्या हाताला पत्र्याची खूण ती गिरणी, मध्ये सरपंचाचं घर.

आता अडचण अशी, की ह्या गेममध्ये बांधलेलं साठवता येत नाही. लाईट गेली की गाव गेलं. आणि लाईट जाण्यात आमच्या भागाचा हात कुणी धरला नसता. पोरं माझ्या कागदावरून परत विटा रचायची. एका दुपारी तीनदा गेली. तिसऱ्यांदा पडदा काळा झाला तेव्हा एक पोरगं सहज बोलून गेलं, "मामा, पुन्हा गाव पडलं." पोरानं जीभ चावली.

मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पडू दे. ह्या गावात कुनी मरत न्हाई. लाईट आली की बांध."

तपासणीनंतरही माय माझ्याकडंच राहिली आणि तिचं शिक्षण सुरू झालं. रणगाडा घरातून काढायचा, दोन गल्ल्या सोडून वळायचं, गिरणीपर्यंत जायचं, परत यायचं. सत्तरीच्या बाईनं रिमोट असा धरला होता, जणू विळाच. अडचण शत्रूच्या रणगाड्यांची होती. ते वरून यायचेच.

"ही कोन मंडळी?" मायनं विचारलं.

"पाहनीला आलेले साहेब लोक," मामा म्हणाले.

मायनं पहिल्याच दिवशी सहा साहेब उडवले. सरपंचाच्या घराशी मात्र तिचं वैर निराळं. गिरणीला जाताना ती वाकडी वाट करून ते आधी पाडायची. मामा कळवळून सांगायचे, "माय, ते आपल्या वाटंत येत न्हाई!" ती म्हणायची, "माझ्या नळाला पानी येऊ देत न्हाई मुडदा." आणि घर जमिनीशी सपाट करून मग दळणाला जायची. पंधरा दिवसांत ती डोळे झाकून जायला लागली. माझ्या वर्गात तेवढ्या वेगानं कुणीच काही शिकलं नव्हतं.

रविवारी आम्ही तिघं एसटीनं गावी गेलो. मायच्या डोक्यावर ज्वारीचा डबा. ती पुढं, मी आणि मामा तीस पावलं मागं, ओळख नसल्यासारखे. माय ऐटीत निघाली. दोन गल्ल्या सोडल्या आणि उजवीकडं वळली. मामांनी माझा हात दाबला. गिरणीची पाटी डावीकडं दिसत होती. माय मात्र न थांबता, न विचारता गेली आणि टोकाच्या घरात डबा घेऊन शिरली. आम्ही पोचलो तेव्हा चहा टाकलेला होता.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. वरचं खाली आणायचं तर कागद फिरवायला हवा होता. मी तो पलटला होता, आरशात धरल्यासारखा. त्यामुळं डावं उजवीकडं गेलं. फिरवणं आणि आरसा यांतला फरक हा तर माझा हातखंडा धडा. त्यावर चुकणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करायचे.

माय शांतपणे बशीत चहा ओतत होती. "मी बरोबर आले," ती म्हणाली. "गाव चुकलंय."

मायला पुन्हा लातूरला घेऊन निघालो तेव्हा एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले. दिवाळीला महिना उरला होता. माझ्या पेन्सिलीपायी त्या घराला कुलूप लागणार या विचारानं मला रडू यायला लागलं. मामांनी ते बघितलं असावं. औसा मागं पडल्यावर ते म्हणाले, "मॅडम, पहिला भाग कुनाचाबी असाच निघतोय. दुसरा चांगला काढू." मग त्यांना राहवेना. "म्हंजे, मी म्हनतो ते खरं हाय. दुसराच भाग चांगला असतोय." त्या वेळी मी वाद घातला नाही. पहिला भाग माझाच होता.

आम्ही सुधारलेलं गाव बांधलं. शिकणं सोपं होतं, शिकलेलं पुसणं अवघड गेलं. मायचा अंगठा उजवीकडंच जायचा. ती चिडायची, रिमोट आपटायची, "मुरूडलाच जाते मी," म्हणायची. मामांना खरं तर तेवढंच हवं होतं असं मला एकदा वाटलं, कारण त्या दिवशी त्यांनी तिला परत बसायचा आग्रह केला नाही. मायनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि रिमोट उचलला. पुढचे दहा दिवस ती जेवायलाच काय ती उठली. पोरं तिला आपली पाळी द्यायची आणि मागं उभी राहून कुजबुजायची, "डावं, माय, डावं."

दिवाळीच्या आठवडाभर आधी आम्ही परत गेलो. ह्या वेळी कोपऱ्यावर माय थांबली. तिनं वळावं की चुकावं, यातलं मामांना काय हवं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. माय डावीकडं वळली. वाटेत दोघींनी चहाला हाक मारली. तिनं मान हलवून नको म्हटलं. सरपंचाच्या घरापुढं मात्र ती वाकडी वाट करून दोन मिनिटं उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून एकटीच हसली. गिरणीत जाऊन तिनं दळण दळून घेतलं, परत निघाली, वळली, पुन्हा वळली आणि आपल्या दारात आली. डबा उतरवला. कपाळावर पीठ उडालेलं. तिनं आमच्याकडं वळूनही बघितलं नाही. आत जाऊन सतरंजी झटकली आणि बाहेर आवाज दिला, "ये रं. दुपारचं नीज जरा."

मामा म्हणाले, दुकान उघडं आहे. माय म्हणाली, पोरं बघतील. मामा म्हणाले, मॅडमची गाडी चुकेल. मी म्हणाले, मी एकटी जाईन. एवढं बोलून मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाला कोंडीत पकडल्यासारखी घाबरले.

मामा उंबऱ्यापाशी गेले. वर स्लॅबकडं बघितलं. खिशातला टेस्टर काढला, परत ठेवला. ह्याच स्लॅबच्या सळया त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितल्या होत्या. मग त्यांनी ओट्यावरची बाज ओढली, दारात आडवी-उभी करून बघितली आणि अशी टाकली, की अर्धी आत, अर्धी बाहेर. आणि ते आडवे झाले. पाय घरात, डोकं अंगणात, तोंड उघड्या आभाळाकडं.

मला वाटलं माय रागावेल. सौद्यात हे बसत नव्हतं. मी हळूच म्हणाले, "माय, हे असं?"

"असू द्या," माय म्हणाली. "आज पाय आलेत. डोकं येईल मागून."

दिवाळीनंतर नांदेडच्या कॉलेजात मला नोकरी लागली आणि लातूर सुटलं. मामांना मी पुन्हा भेटले नाही. त्या दुपारी गल्लीच्या वळणावरून मी मागं बघितलं होतं. मामांचे डोळे टक्क उघडे होते. घराच्या आत माय बाजेशी बसून सुपात ज्वारी निवडत होती. निवडायला एकच हात लावला होता. दुसरा तिनं लेकाच्या दोन्ही पावलांवर ठेवला होता, आणि चांगला दाबून ठेवला होता.